अर्जाला मिळणारे उत्तर: नोकरभरतीच्या सेवांचे अर्जदाराच्या बाजूने परीक्षण

नोकरभरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय प्रणालींची परीक्षणे पुष्कळ लिहिली जातात, पण ती बहुतेक त्या प्रणाली विकत घेणाऱ्यांसाठी असतात. भरती किती दिवसांत पूर्ण होते, शेकडो अर्जांतून मोजके कसे निवडता येतात, अहवाल किती सहज निघतात, हे त्यांत तपासलेले असते. ज्याच्या अर्जावर हे सगळे उभे आहे त्याला शेवटी काय कळते आणि केव्हा कळते, हा प्रश्न त्यांत क्वचितच येतो. हे परीक्षण त्या एकाच प्रश्नाचे आहे. वर्कडे, ग्रीनहाउस आणि ओरॅकलची टॅलिओ यांसारख्या प्रणाली, लिंक्डइन व इनडीड यांसारखी संकेतस्थळे आणि त्यांच्यामागे बसलेले नियोक्ते मिळून अर्जदाराला जी सेवा देतात, तिच्यातील उत्तर देण्याचा भाग मी येथे तपासतो आहे. अर्जदार म्हणून मी यांतील बहुतेक मार्गांनी अर्ज केले आहेत आणि काही काळ निवड समितीतही बसलो आहे, त्यामुळे उत्तर कुठे अडते हे मला दोन्हीकडून पाहायला मिळाले आहे.

माझे मत आधीच सांगतो. उत्तर देण्याची सोय आज जवळपास प्रत्येक प्रणालीत आहे, ती वापरायला लागणारा वेळ नगण्य आहे आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही अर्जदारांना उत्तर जात नाही, याचे कारण साधनांचा अभाव हे उरलेले नाही. कोणाला कळवायचे आणि कोणाला कळवायचे नाही, हे कोणीतरी ठरवते; किंवा ते ठरवणे कोणाचे काम आहे हेच संस्थेत निश्चित झालेले नसते. म्हणून या सेवेचे गुण देताना प्रणालीपेक्षा तिच्या मालकाला अधिक जबाबदार धरावे लागते.

सुरुवात पोचेपासून करू. अर्ज पाठवला की काही क्षणांत ‘आपला अर्ज मिळाला’ असा ईमेल येतो, आणि ही पायरी आता बहुतेक ठिकाणी चोख पार पडते. मात्र त्या ईमेलमध्ये असते काय, हे पाहिले तर निराशा होते. पदाचे नाव असते, आभार असतात आणि ‘आपली पात्रता आमच्या गरजेशी जुळल्यास आम्ही संपर्क साधू’ असे एक वाक्य असते. हे वाक्य दिसायला सभ्य आहे, पण न जुळल्यास काय होईल याविषयी ते काहीच बोलत नाही, आणि अर्जदाराने किती दिवस वाट पाहायची तेही त्यातून कळत नाही. जिथून ईमेल येतो त्या पत्त्यावर उलट लिहिता येत नाही. चांगल्या पोचेत माझ्या मते चार गोष्टी असायला हव्यात: अर्ज केव्हा तपासले जातील, निवड झाली नाही तरी कळवले जाईल का, शंका असल्यास कोणाला लिहायचे, आणि आपण भरलेल्या माहितीची एक प्रत. शेवटची गोष्ट वरकरणी किरकोळ वाटते. पण तासभर बसून भरलेल्या दीर्घ उत्तरांपैकी नेमके काय लिहिले होते हे मुलाखतीच्या आदल्या दिवशी आठवत बसावे लागते, तेव्हा तिची किंमत कळते.

पोचेनंतर येते अर्जाची स्थिती दाखवणारे पान. वर्कडे वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेसाठी अर्जदाराला सहसा वेगळे खाते उघडावे लागते, वेगळा पासवर्ड ठेवावा लागतो, आणि त्या खात्यात गेल्यावर अर्जापुढे ‘मिळाला’, ‘विचाराधीन’ किंवा ‘निवड झाली नाही’ अशा अर्थाचा एखादा शब्द दिसतो. टॅलिओतही अशीच व्यवस्था आहे. कल्पना उत्तम आहे. अर्जदाराला कोणालाही त्रास न देता आपला अर्ज कुठे आहे हे पाहता यावे, यापेक्षा अधिक सौजन्य एखादी यंत्रणा काय दाखवणार? अडचण अशी की ते शब्द संस्थेने आतून निवडलेल्या टप्प्यांवर अवलंबून असतात, आणि ‘विचाराधीन’ या एकाच शब्दामागे तीन अगदी वेगळ्या परिस्थिती असू शकतात: अर्ज अजून कोणी उघडलेला नाही, अर्ज वाचून बाजूला ठेवला आहे, किंवा अर्जदार शेवटच्या दोघांत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे हे पान रोज उघडून पाहणाऱ्याच्या माहितीत काही भर पडत नाही, चिंता मात्र वाढत जाते.

अर्ज महिनोन्‌महिने ‘विचाराधीन’ का राहतो, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण पुष्कळ अर्जदार त्याचा अर्थ स्वतःच्या लायकीशी लावतात. पात्रतेच्या प्रश्नांवर बाद होणारे अर्ज सोडले तर या प्रणालींमध्ये अर्ज सहसा आपोआप निकालात निघत नाही. भरतीचे काम पाहणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक अर्जदाराला पुढच्या टप्प्यावर हलवावे लागते किंवा कारण नोंदवून त्याचा अर्ज बंद करावा लागतो, आणि बंद करतानाच नकाराचा ईमेल पाठवायचा की नाही हा पर्याय समोर येतो. एखाद्याची निवड झाली, त्याने होकार दिला, पद भरले गेले, तरी उरलेल्या दोनशे जणांचे अर्ज कोणी बंद केले नाहीत तर ते तसेच राहतात. कधी पदच गोठवलेले असते: अंदाजपत्रक अडले, विभागप्रमुख बदलला, संस्थेची पुनर्रचना सुरू झाली, आणि ‘थांबा’ असा निरोप भरती विभागाला मिळाला. पद रद्द झालेले नसते आणि चालूही नसते, म्हणून अर्जदारांना काय कळवायचे हे कोणालाच सुचत नाही. कधी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मुद्दाम ताटकळत ठेवलेले असते, कारण पहिल्याने ऑफर नाकारली तर त्याला बोलवायचे असते. कधी मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याने आपले मत नोंदवलेलेच नसते आणि त्याच्याशिवाय भरती विभाग पुढे जाऊ शकत नाही. आणि कधी काम पाहणारी व्यक्तीच नोकरी सोडून गेलेली असते, तिच्याकडचे अर्ज कोणाच्याही नावावर चढलेले नसतात.

यांतील प्रत्येक कारण समजण्यासारखे आहे, पण एकही कारण असे नाही की जे अर्जदाराला दोन ओळींत सांगता येणार नाही. ‘हे पद सध्या स्थगित केले आहे, पुढचा निर्णय तीन महिन्यांच्या आत अपेक्षित नाही, तोवर आपण इतर संधी स्वीकारावी’ एवढे लिहिले की माणूस मोकळा होतो. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाही खरे सांगता येते: आपण आम्हाला पसंत आहात, परंतु प्रथम पसंतीच्या उमेदवाराला प्रस्ताव दिला आहे आणि त्याचे उत्तर अमुक तारखेपर्यंत येईल. असे पत्र मी एकदा मिळवले आहे. ते वाचून वाईट वाटले होते, पण त्या संस्थेविषयी माझ्या मनात जो आदर त्या दिवशी निर्माण झाला तो आजही आहे, आणि पुढे कोणी तिच्याविषयी विचारले तेव्हा मी तिथे अर्ज करण्याचाच सल्ला दिला.

आता नोकरीच्या संकेतस्थळांकडे वळतो. लिंक्डइनवर साठवलेली माहिती वापरून काही क्षणांत अर्ज करता येतो. या सोयीने अर्जदाराचे श्रम वाचले, पण त्यामुळेच एका पदासाठी येणाऱ्या अर्जांची संख्या फुगली, आणि ज्याला अर्ज करायला अर्धे मिनिट लागले त्याला उत्तर देण्याचे बंधन नियोक्त्यालाही सैल वाटू लागले. तरी दाद द्यावी असे काही येथे आहे. नियोक्त्याने अर्ज पाहिल्याची किंवा सीव्ही उतरवून घेतल्याची सूचना अर्जदाराला मिळू शकते. जाहिरातीवर ‘अर्ज सध्या तपासले जात आहेत’ किंवा ‘प्रतिसाद लिंक्डइनच्या बाहेर हाताळले जातात’ अशा अर्थाच्या खुणा दिसतात. आणि अर्जदार योग्य नाही अशी नोंद नियोक्त्याने केली की नकाराचा निरोप आपोआप जाण्याची व्यवस्था करता येते. इनडीडही नियोक्ता अर्जदारांना कितपत प्रतिसाद देतो याची खूण जाहिरातीजवळ दाखवते आणि निवड न झाल्यास तशी स्थिती अर्जदाराच्या यादीत नोंदवते.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रतिसादाची जाहीर खूण. बाकीच्या सोयी नियोक्त्याच्या मर्जीवर आहेत. ही एक गोष्ट त्याची वागणूक इतरांना दाखवते, आणि अर्ज करण्याच्या आधी दाखवते. उत्तर देणाऱ्याला तिचा लाभ मिळतो, न देणाऱ्याला ती मिळत नाही. माझी तक्रार इतकीच की ती पुरेशी ठळक नाही आणि तिच्यामागचे मोजमाप अर्जदाराला नीट समजत नाही. पोचेचा आपोआप गेलेला ईमेल प्रतिसाद म्हणून मोजला जातो का? नकार मोजला जातो का? मुलाखतीनंतरचे मौन कुठे नोंदले जाते? हे स्पष्ट केले तर अर्जदार त्या खुणेवर अधिक विश्वासाने विसंबतील आणि नियोक्त्यांनाही ती मिळवावीशी वाटेल.

नकाराच्या पत्राचा मजकूर हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण बहुसंख्य अर्जदारांचा संस्थेशी येणारा तो शेवटचा संबंध असतो. प्रणालीसोबत येणारा तयार नमुना बहुतेक संस्था जसाच्या तसा वापरतात. त्यात आभार, खेद, ‘अत्यंत गुणवान अर्जदारांकडून मिळालेला मोठा प्रतिसाद’ आणि ‘आपला सीव्ही आम्ही भविष्यातील संधींसाठी जपून ठेवू’ असे आश्वासन असते. शेवटच्या वाक्याविषयी माझे मत कठोर आहे. ज्या संस्थेत जुने अर्ज पुन्हा उघडून पाहण्याची रीत खरोखर आहे तिनेच ते लिहावे. इतरांनी ते काढून टाकावे, कारण अर्जदार त्यावर विसंबतो आणि त्याच संस्थेत पुन्हा अर्ज करायचे टाळतो. ‘आमच्या पुढील जाहिरातींना आपण पुन्हा अर्ज करू शकता, याआधीच्या नकाराचा त्यावर परिणाम होत नाही’ हे वाक्य अधिक प्रामाणिक आणि अधिक उपयोगी आहे.

चांगले नकारपत्र लांब असण्याची गरज नाही. पहिल्याच वाक्यात निकाल असावा, म्हणजे वाचणाऱ्याला तीन परिच्छेद धडधडत्या मनाने पार करावे लागत नाहीत. पद आणि अर्जाची तारीख असावी, कारण अनेक ठिकाणी अर्ज केलेल्या माणसाला कोणत्या पदाविषयी हे आहे ते लगेच कळत नाही. निकाल अंतिम आहे की प्रतीक्षायादी आहे, हे असावे. खाली एखाद्या व्यक्तीचे नाव किंवा निदान विभागाचे नाव असावे. पाठवण्याच्या वेळेचाही विचार हवा: अर्ज केल्यानंतर काही मिनिटांत आलेला नकार अर्ज वाचलाच नाही असे सांगतो, आणि मध्यरात्री आलेला नकार झोप घालवतो. ग्रीनहाउससारख्या प्रणालीत नकाराचा ईमेल तत्काळ न पाठवता पुढे ढकलून ठरावीक वेळी पाठवता येतो. ही सोय ज्याने बनवली त्याला अर्जदाराचे मन कळले होते असे मला वाटते. एक सावधगिरी मात्र हवी. पात्रतेच्या प्रश्नांवर, उदाहरणार्थ आवश्यक परवाना नाही म्हणून, जर अर्ज बाद झाला असेल तर निकाल दडवून ठेवण्यात काही अर्थ नाही. तिथे कारण सांगून लगेच कळवणे हेच योग्य, कारण ते कारण नेमके असते, वादातीत असते आणि अर्जदाराला पुढच्या वेळी उपयोगी पडते.

इथपर्यंत ज्या मौनाविषयी लिहिले ते अर्जाच्या टप्प्यावरचे आहे, आणि शेकडो अर्ज हाताळणाऱ्याची अडचण मी तिथे काही प्रमाणात मान्य करतो. मुलाखतीनंतरच्या मौनाला मात्र अशी सवलत देता येत नाही. मुलाखतीला आलेल्या माणसाने रजा काढलेली असते, तयारी केलेली असते, अनेकदा घरी बसून एखादे चाचणीचे काम पूर्ण करून पाठवलेले असते. आणि मुलाखतीला बोलावलेल्यांची संख्या इतकी थोडी असते की प्रत्येकाला फोन करायला एक दुपार पुरते. तरी ‘आठवडाभरात कळवू’ असे समोरासमोर सांगून नंतर एक अक्षरही न कळवणाऱ्या संस्था मला अनुभवाने ठाऊक आहेत, आणि त्यांच्यात लहान-मोठ्या, नावाजलेल्या, सर्व प्रकारच्या होत्या. अशा वेळी अर्जदार दुसरी नोकरी स्वीकारावी की थांबावे या पेचात सापडतो. नियोक्त्याच्या दृष्टीने ते एक न पाठवलेले पत्र असते. अर्जदाराच्या दृष्टीने तो हातातून गेलेला दुसरा प्रस्ताव असू शकतो.

म्हणूनच कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांताने या बाबतीत उचललेले पाऊल मला महत्त्वाचे वाटते. १ जानेवारी २०२६ पासून तेथे २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या नियोक्त्यांनी, जाहीर केलेल्या पदासाठी ज्यांची मुलाखत घेतली त्यांना, भरतीचा निर्णय झाला आहे की नाही हे मुलाखतीपासून, आणि एकाहून अधिक मुलाखती झाल्या असल्यास शेवटच्या मुलाखतीपासून, ४५ दिवसांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्ष भेटीत, लेखी किंवा तंत्रज्ञानाच्या साहाय्याने, कसेही कळवले तरी चालते, पण त्याची नोंद ३ वर्षे ठेवावी लागते. त्याच नियमांनुसार जाहिरातीत दिलेले पद खरोखर रिक्त आहे की नाही हे सांगावे लागते आणि अर्जांची छाननी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने होत असेल तर तेही नमूद करावे लागते. ४५ दिवस हा काळ माझ्या मते फार मोठा आहे. घर चालवणाऱ्या माणसासाठी दीड महिना अनिश्चिततेत काढणे सोपे नसते. नियम फक्त मुलाखत दिलेल्यांना लागू आहे आणि कारण सांगण्याची सक्तीही त्यात नाही. पण सौजन्य म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीला मुदत आणि नोंद जोडली गेली, की ती कोणाची तरी जबाबदारी होते, आणि आजवर नेमका तिथेच घोळ होता.

युरोपीय संघातील माहिती-संरक्षणाचा कायदा, म्हणजे २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर, अर्जदाराला उत्तर देण्याची सक्ती करत नाही, पण वेगळ्या वाटेने त्याच्या हाती काहीतरी देतो. त्याच्या १५ व्या कलमानुसार कोणतीही व्यक्ती आपल्याविषयी साठवलेली माहिती मागू शकते, आणि सर्वसाधारणपणे एका महिन्यात ती द्यावी लागते. अर्जदाराविषयी मुलाखतीत केलेल्या नोंदीही या मागणीच्या कक्षेत येऊ शकतात. त्यामुळे तेथे मुलाखत घेणारा अधिकारी काय लिहून ठेवतो याचा विचार करूनच लिहितो, आणि हा माझ्या दृष्टीने मोठा लाभ आहे. अमेरिकेत फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट या १९७० च्या कायद्यातील तरतुदींनुसार, बाहेरच्या संस्थेकडून मागवलेल्या पार्श्वभूमी-अहवालामुळे एखाद्याला नाकारायचे असेल तर नाकारण्याच्या आधी त्या अहवालाची प्रत त्याला द्यावी लागते, म्हणजे अहवालात चूक असल्यास ती दाखवून देण्याची संधी त्याला मिळते. या दोन्ही तरतुदी सौजन्यासाठी केलेल्या नाहीत, तरी त्यांचा परिणाम सौजन्याचाच होतो: माणसाला नाकारताना त्याच्याविषयी काय धरून चालले आहात हे त्याला कळते.

अभिप्रायाविषयी बोलायचे तर सर्वांत जास्त टाळाटाळ तिथेच होते. नाकारण्याचे कारण सांगितले की अर्जदार वाद घालील, प्रकरण न्यायालयात जाईल, अशी भीती कायदेविषयक सल्लागार घालतात आणि मग ‘धोरणानुसार आम्ही अभिप्राय देत नाही’ हे एक वाक्य सगळीकडे छापले जाते. ही भीती पूर्णपणे निराधार नाही. घाईघाईत लिहिलेला, निष्काळजी अभिप्राय खरोखर अडचणीत आणू शकतो. पण ब्रिटनच्या नागरी सेवेत प्रत्येक वर्तनकौशल्याला १ ते ७ असे गुण देण्याची पद्धत आहे, आणि मुलाखतीपर्यंत पोचलेल्या अर्जदाराला सहसा ते गुण कळतात. आपण संवादात चांगले होतो पण निर्णयक्षमतेच्या उदाहरणात कमी पडलो, एवढे त्यातून समजते. निकष आधीच जाहीर असले आणि गुण त्याच निकषांवर दिलेले असले की अभिप्राय देण्यात धोका उरत नाही, असे मला निवड समितीत बसल्यापासून ठामपणे वाटते. ज्यांच्याकडे सांगण्याजोगे कारण नसते त्यांनाच ते सांगण्याची भीती अधिक वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्तराचा वेग वाढवला आहे, आणि या वेगाचे कौतुक करताना मी सावध आहे. रात्री दहा वाजता विचारलेल्या शंकेला संवाद-यंत्राने लगेच उत्तर देणे, मुलाखतीची वेळ दोन संदेशांत ठरवणे, ही खरी मदत आहे. नोकरी करता करता दुसरी शोधणाऱ्याला ती फार उपयोगी पडते. पण नकार यंत्राने ठरवला असेल तर अर्जदाराला ते कळले पाहिजे. न्यूयॉर्क शहराच्या २०२१ सालच्या स्थानिक कायदा क्रमांक १४४ नुसार, ज्याची अंमलबजावणी ५ जुलै २०२३ पासून सुरू झाली, निवडीत स्वयंचलित साधन वापरायचे असल्यास शहरात राहणाऱ्या उमेदवाराला किमान १० कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागते आणि त्या साधनाची पक्षपातासाठी तपासणी झालेली असावी लागते. जीडीपीआरच्या २२ व्या कलमानेही केवळ स्वयंचलित प्रक्रियेने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयांवर मर्यादा घातली आहे. माझी अपेक्षा याहून साधी आहे: नकाराच्या ईमेलमध्ये ‘आपला अर्ज आमच्या एका सहकाऱ्याने वाचला’ किंवा ‘प्राथमिक छाननी स्वयंचलित होती’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे.

नियोक्त्यांना यात काय मिळते, असा प्रश्न विचारला जातो. त्याला एक प्रसिद्ध उत्तर आहे. ब्रिटनमधील व्हर्जिन मीडिया या कंपनीने आपल्या भरतीचा आढावा घेतला तेव्हा नाकारलेल्या अर्जदारांपैकी सुमारे १८ टक्के तिचे ग्राहकच असल्याचे आढळले, आणि वाईट अनुभवामुळे त्यांतील काहींनी सेवा सोडल्याने वर्षाला सुमारे ४४ लाख पौंडांचे नुकसान होत असल्याचा हिशेब कंपनीने स्वतःच मांडला. त्यानंतर तिने भरतीची पद्धत सुधारली. हा हिशेब व्यवस्थापनाला पटवून द्यायला फार उपयोगी आहे आणि मी तो नाकारत नाही. पण ज्या संस्थेचे अर्जदार तिचे ग्राहक नसतात तिला, एखाद्या रुग्णालयाला, शाळेला किंवा कारखान्याला, हा युक्तिवाद लागू पडत नाही, आणि तिथल्या अर्जदाराला उत्तराची गरज तेवढीच असते. त्याने आपला वेळ, आपली माहिती आणि आपली आशा त्या संस्थेच्या मागणीवरून दिलेली असते; जाहिरात संस्थेने दिली होती.

लहान संस्थांकडे यांतील एकही महागडी प्रणाली नसते, पण त्यांना तिची आवश्यकता नाही असे मी खात्रीने सांगू शकतो. अर्जांसाठी वेगळा ईमेल पत्ता, एका तक्त्यात नाव, तारीख, टप्पा आणि ‘कळवले का’ असा एक रकाना, आणि दोन तयार मजकूर, एक अर्जाच्या टप्प्यावरच्या नकाराचा आणि एक मुलाखतीनंतरच्या नकाराचा, एवढ्या साहित्यावर कोणतीही संस्था प्रत्येकाला उत्तर देऊ शकते. तक्त्यातील नावे घालून एकाच वेळी सर्वांना स्वतंत्र पत्रे पाठवण्याची सोय नेहमीच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे आहे. मला मिळालेल्या सर्वांत चांगल्या उत्तरांपैकी काही अशाच चार-पाच माणसांच्या कार्यालयांतून आली होती. त्यांत मुलाखतीतल्या एखाद्या उत्तराचा उल्लेख असे आणि खाली नावानिशी सही असे.

प्रणाली बनवणाऱ्यांकडे माझी एकच ठोस मागणी आहे, आणि ती तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अर्जदाराला न कळवता अर्ज बंद करणे आज जितके सोपे आहे तितके ते राहू नये. कळवणे हा पर्याय आधीपासून निवडलेला असावा, आणि तो काढायचा असेल तर कारण नोंदवावे लागावे. मुलाखत झालेला एकही उमेदवार उत्तराविना असेल तर ते पद प्रणालीत बंद करता येऊ नये. ठरावीक दिवस कोणतीही हालचाल न झालेल्या अर्जाची आठवण भरती विभागाला आणि विभागप्रमुखाला एकाच वेळी जावी, आणि तरीही काही झाले नाही तर अर्जदाराला ‘अद्याप निर्णय झालेला नाही’ एवढा निरोप आपोआप जावा. विक्रीच्या सादरीकरणात भरतीचा कालावधी दाखवणारा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. त्याच्या शेजारी किती अर्जदारांना अंतिम उत्तर मिळाले हा आकडा तेवढ्याच अक्षरांत दाखवणारी प्रणाली जो कोणी आणील, तिला या परीक्षणात मी पूर्ण गुण देईन. आज ते कोणालाच देता येत नाहीत: ग्रीनहाउसला नकार पाठवण्याच्या सोयींसाठी चांगले गुण, लिंक्डइन आणि इनडीड यांना प्रतिसादाच्या खुणांसाठी मध्यम, आणि ‘विचाराधीन’ या एका शब्दावर अर्जदाराला महिनोन्‌महिने बसवून ठेवणाऱ्या स्थितीदर्शक पानांना, ती कोणत्याही प्रणालीची असोत, अगदी कमी.